ट्रिपल सेव्हन

माझ्या पुतण्याचं कळंबात फ्लेक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर, लाइट गेली की अडीच मिनिटं केकाटून स्वतःही मान टाकणारा एक यूपीएस आणि नमुना म्हणून भिंतीला ठोकलेला वाढदिवसाचा एक फ्लेक्स. त्यावरचा माणूस पुढे निवडणुकीत पडला, पण फ्लेक्सवर तो अजून मोबाइल कानाला लावून कुणाला तरी तातडीचा आदेश देतोय. छापायचं मशीन बारामतीला. डिझाइन करणारी पोरं तीन. एक बारामतीतच, एक भिगवणला आणि तिसरा इथे जवळ जंक्शनला राहतो, पण रात्री नऊच्या आत जागा कधी सापडत नाही.

पूर्वी हा कारभार पेनड्राइव्हवर चालायचा. पेनड्राइव्ह पाकिटात, पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे आणि बारामतीच्या स्टँडवर ते घ्यायला मशीनवाल्याचा पोरगा. एकदा कंडक्टरची ड्यूटी बदलली, पाकीट अकलूजला गेलं आणि एका युवा नेतृत्वाचा वाढदिवस बिनफ्लेक्सचा झाला. ते नेतृत्व त्या वर्षी वयाने वाढलं की नाही, याबद्दल कार्यकर्त्यांत अजून दोन मतं आहेत. व्हॉट्सअपवर पाठवावं तर चेहरा असा फुटायचा की सत्कारमूर्ती कोण आणि शुभेच्छुक कोण ते कळू नये. म्हणून पुतण्याने ठरवलं, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं आणि फायली द्यायघ्यायचा, म्हणजे एफटीपीचा, आपला स्वतःचा सर्व्हर करायचा. पोरांनी घरबसल्या 'येणारे' नावाच्या फोल्डरात डिझाइन टाकायचं, मशीनवाल्याने तिथून उचलायचं. कंडक्टर मोकळा.

लिनक्स बसलं. सर्व्हर चालू झाला. पोरांना फोल्डर दिसायला लागला. त्यात टाकता मात्र काही येईना.

"नाना, सगळं होतंय, फक्त राईट होत नाय," पुतण्या फोनवर म्हणाला.

मी पुण्यात एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं तिथल्या नकाशांच्या लिनक्स मशीनची किल्ली माझ्याकडे असायची. एवढ्या भांडवलावर मी गावात 'कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस' झालोय. या पदाबरोबर टीव्हीचा रिमोट, पिठाच्या गिरणीची मोटर आणि शेजारच्या काकूंचं आधार अपडेट या जबाबदाऱ्या आपोआप येतात. संध्याकाळची वेळ होती, घरी सांगून निघालो की अर्ध्या तासात येतो. ते ऐकून बायकोने काही न बोलता माझ्या वाटणीच्या भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्या. तिचाही तीस वर्षांचा अनुभव आहे.

आमच्या गावाला लागूनच वालचंदनगर. वालचंद हिराचंदांनी माळावर उभी केलेली वसाहत. साखरेपासून सुरुवात झाली आणि आता तिथे इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची पोलादी आवरणं बनतात. म्हणजे भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावरून अवकाशात वस्तू जाते, आणि इथे गाळ्यात आम्ही दोघं वाढदिवसाचं एक चित्र एका फोल्डरात ढकलू शकत नव्हतो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीचा आणि प्रत्येक फोल्डरचा एक सातबारा असतो. त्यावर तीन प्रकारची माणसं: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला तीन हक्क: वाचणे, लिहिणे आणि तिसरा एक्स नावाचा, त्याच्याकडे मग येऊ. वाचण्याला ४ गुण, लिहिण्याला २, एक्सला १. तिन्ही मिळाले की ७. मालकाला ७, गटाला ७ आणि इतरांना ५ दिले की झालं ७७५. शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला अडचण पडू नये. आपल्या खऱ्या सातबाऱ्यावरही 'इतर हक्क' असा रकाना असतोच. तिथे सोसायटीचा बोजा चढतो, कुळाचं नाव लागतं, विहिरीतला हिस्सा लिहितात. लिनक्सच्या 'इतरां'ना निदान कर्ज तरी काढता येत नाही.

सात या आकड्याचं आणि आमच्या मुलखाचं काही तरी आहेच. जमीन गाव नमुना सातवर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी हवं तर अर्ज सात नंबरचा. तो भरला, मंजूर झाला, आवर्तन सुटलं, तरी पाणी आपल्या दाऱ्यावर येईलच असं नाही. वरच्या अंगाला कुणाचा तरी ऊस कायम तहानलेला असतो. "पाणी मंजूर हाय, पर चारीला न्हाय," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. लिनक्स शिकलो तेव्हा हेच वाक्य मला इंग्रजीत भेटलं.

पहिला निरोप आला ५५० आकड्याचा: परमिशन डिनाइड. तो सोपा होता. आम्ही बसवलेल्या सर्व्हरच्या कार्यक्रमाचं नाव व्हीएसएफटीपीडी. त्यातली पहिली दोन अक्षरं म्हणजे 'व्हेरी सिक्युअर', आणि तो नावाला जागतो. लिहिण्याची परवानगी देणारी ओळ त्याच्या नियमांच्या फाइलीत लिहिलेली असते, पण तिच्या डोक्यावर एक हॅशची खूण असते. ती असेपर्यंत ओळ असून नसल्यासारखी. ठराव झालाय, इतिवृत्तात आहे, सही तेवढी व्हायचीय. खूण पुसली, सर्व्हर बंद करून चालू केला. (जाणकार म्हणतील, आजच्या काळात उघडं एफटीपी कशाला, पासवर्ड वाटेत कुणीही वाचेल, एसएफटीपी वापरा. बरोबर आहे. तुम्ही तेच वापरा. पण भिगवणच्या पोराच्या मोबाइलमधल्या ॲपला हेच कळत होतं, आणि त्या रात्री मी सुधारणा करायला नव्हे, आग विझवायला बसलो होतो.)

आता ५५३ आला: कुड नॉट क्रिएट फाइल. पुतण्याचं तोंड उतरलं. मी मात्र खूश. आकडा बदलला म्हणजे आपण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आलो. ज्याने सरकारी काम केलंय त्याला यातला आनंद कळतो. पहिल्या टेबलाने 'नाही' म्हणणं आणि दुसऱ्या टेबलाने 'नाही' म्हणणं यात प्रगती असते.

नीट बघितलं तर 'येणारे' फोल्डरचा मालक निघाला रूट. रूट म्हणजे लिनक्सचा सर्वेसर्वा. पुतण्याने फोल्डर करताना पुढे 'सुडो' लावलं होतं. सुडो लावलं की तेवढ्या वेळापुरते तुम्ही रूट होता, आणि तुमच्या हातून जे जन्मतं ते रूटच्या नावावर लागतं. "नाना, सगळीकडं सुडो लावायचं असतं असं युट्युबवर म्हणत होते," तो म्हणाला. म्हटलं, अरे, दुसऱ्याच्या नावावर घर बांधलंस आणि आता पोरांना आत राहायला येईना म्हणतोस.

'फ्लेक्स' नावाचा एक गट केला. फोल्डर त्या गटाला दिला. तिन्ही पोरांना, मशीनवाल्याला आणि तपासायला म्हणून मलाही गटात घेतलं. पुतण्या म्हणाला, मीही येतो. मी बाहेर बाकड्यावर चहा घेत होतो, तोवर त्याने स्वतःचं नाव स्वतःच घातलं. या आज्ञेत एक बारीक 'ए' लागतो. ए म्हणजे आहे त्यात भर घाल. तो 'ए' राहिला, की लिनक्स समजतं, हा माणूस आजपासून फक्त याच गटात, बाकी सगळीकडून याचं नाव कमी करा. आणि सुडो वापरायचा हक्कही एका गटामुळेच मिळालेला असतो.

त्याने मशीन बंद करून चालू केलं, सुडो म्हणाला आणि पडद्यावर ते प्रसिद्ध वाक्य उमटलं. तुम्ही सुडोवाल्यांच्या यादीत नाही. या घटनेची नोंद कळवण्यात येईल.

पुतण्या खुर्चीवरून अर्धा उठला. "नाना, कुणाला कळवणारंय?"

"मालकाला."

"मालक कोण?"

"तूच की."

त्याला थोडा वेळ धीर आला आणि मग परत गेला. वाटणीत सगळ्यांना जागा दिली आणि स्वतः ओट्यावर, अशी त्याची गत झाली होती. मग मशीन दुरुस्तीच्या वाटेने चालू केलं. त्या वाटेने गेलं की पासवर्ड न विचारता रूट होता येतं, मशीनला हात लावता येत असेल तर. रूट झालो, यादीत नाव घालायला गेलो, तर तेही होईना. तिथे सगळी डिस्क फक्त वाचायला म्हणून उघडलेली असते. सर्वेसर्वा आहे, सिंहासनावर बसलाय आणि दौतीत शाई नाही. डिस्क लिहिण्यासाठी पुन्हा जोडायची एक आज्ञा आहे, ती आठवायला मला बराच वेळ लागला. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसने अडीच मिनिटं आपला धर्म पाळला.

अंधारात बसलो असताना पुतण्याने विचारलं, हे असलं लचांड काढलं कुणी?

मला एक गोष्ट आठवली ती त्याला सांगितली. फायली इकडून तिकडे नेण्याच्या या एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला तो आपल्याकडच्याच एका माणसाने. अभय भूषण. आयआयटी कानपूरहून शिकून अमेरिकेत एमआयटीला गेलेला तरुण. मसुद्याची तारीख एप्रिल १९७१ ची. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेतल्याच बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली मार्गदर्शिका निघाली. सीएचमॉड, म्हणजे परवानग्या बदलायची आज्ञा, तिच्यात आहे. गंमत अशी की त्या पहिल्या युनिक्समध्ये मालक आणि इतर एवढे दोनच होते. गट नव्हता. भाऊबंद मागाहून आले, नेहमीप्रमाणे वाटणीच्या वेळी.

१९७१ साली मी चौथीत होतो. आमच्या शाळेत पाचवीत गेल्याशिवाय शाईच्या पेनाला हात लावायचा नाही असा नियम होता. चौथीपर्यंत पाटी आणि शिसपेन्सिल. दादा पाचवीच्या पुढे गेलेला, त्याच्याकडे पेन होतं, आणि ते दप्तराच्या आतल्या कप्प्यात असायचं. मला ते दिसायचं. त्याचं टोपण कुठल्या रंगाचं, निबेवर किती शाई वाळलीय, सगळं पाठ. फक्त राईट होत नाय. एकदा मी ते चोरून घेतलं आणि घराच्या भिंतीवर, जिथे आई दुधाच्या रतिबाच्या रेघा कोळशाने मारायची, तिथे माझं नाव लिहिलं. त्या महिन्याचा दुधाचा हिशेब चुकला. पुढचं सांगत नाही.

लाइट आली. पुतण्याला त्याचं राज्य परत मिळालं. पण आता त्याचा धीर सुटला होता. जंक्शनचा पोरगा नुकताच उठला होता आणि फोनवरून सल्ला देत होता.

"नाना, जाऊ द्या ना. ट्रिपल सेव्हन मारा."

ट्रिपल सेव्हन म्हणजे ७७७. मालकाला सगळं, गटाला सगळं, येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं. परवानग्यांचा कंटाळा आलेल्या माणसाचा हा रामबाण उपाय. कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही देशात, रात्री नऊनंतर कुणी तरी म्हणतोच, मार ट्रिपल सेव्हन. कुलपाची किल्ली लागेना म्हणून दारच उपटून अंगणात ठेवायचं. मी नको म्हणायच्या आत पुतण्याने मारलं. नुसतं 'येणारे'ला नाही, सगळ्यात वरच्या 'फ्लेक्स' फोल्डरपासून खाली, आर लावून, सरसकट.

आणि सर्व्हरने दार लावून घेतलं. आता लॉगिनच होईना. ५०० ऊप्स, असा निरोप. खरोखर ऊप्स हाच शब्द. व्हीएसएफटीपीडीचं म्हणणं असं असतं: पाहुण्याला मी ज्या अंगणात कोंडून ठेवतोय, ते अंगणच त्याला हवं तसं बदलता येत असेल, तर मी काम करणार नाही. इतकं उघडं घर राखायची त्याची तयारी नाही. संध्याकाळपासून आम्ही परवानगी कमी म्हणून अडलो होतो, आता जास्त म्हणून अडलो. मला त्या कार्यक्रमाबद्दल त्या क्षणी फार आदर वाटला. असा वॉचमन आमच्या कारखान्याला कधी मिळाला नाही.

वरचा फोल्डर रूटच्या नावे करून ७५५ वर आणला. लॉगिन सुरू झालं. आता 'फ्लेक्स'च्या आत 'चालूकाम' आणि 'चालूकाम'च्या आत 'येणारे', तिथली ७७७ ची सांडलवंड आवरायची होती. म्हटलं, जेवून येतो, तू कशाला हात लावू नकोस.

घरी दादा ओसरीवर बसला होता. आमची जमीन वाटणीत लांबट पट्ट्यांत गेली. रस्त्याकडचा तुकडा चुलत भावाचा, त्याच्यामागे आमचा. पूर्वी मधल्या बांधावरून बैलगाडी जायची. दोन वर्षांपूर्वी त्याने बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. कारण विचारायला गेलो तर चहा पाजतो, आईची आठवण काढतो, डोळ्याला पाणी आणतो आणि काट्या तशाच ठेवतो. मागच्या हंगामात आमचा ऊस टोळीने मोळ्या डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत काढला, त्याची मजुरी वेगळी गेली. कायदा आहे. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३, शेताला वाट नसेल तर तहसीलदार बांधावरून ती देऊ शकतो. शिवाय चालू वाट कुणी अडवली तर १९०६ सालचा मामलतदार कोर्टाचा कायदा आहे. मी दोन्हींचे अर्ज टाइप करून ठेवलेत. दादा सही करत नाही. भावाविरुद्ध कागद करायचा म्हणजे त्याला घशात घास अडकल्यासारखं होतं.

"काय झालं रं कॉम्प्युटरचं?" त्याने विचारलं.

मी जेवताजेवता त्याला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. फोल्डर आहे, त्यावर नाव लागलंय, हक्क सगळे आहेत. पण फोल्डर दुसऱ्या फोल्डरच्या आत आहे. त्या बाहेरच्याने एक्सचा हक्क दिलेला नसेल तर आतला तुमचा असून उपयोग नाही. फाइलीसाठी एक्स म्हणजे चालवणे, पण फोल्डरसाठी एक्स म्हणजे फक्त आतून पलीकडे जाणे.

दादाने तंबाखू मळायची थांबवली. "म्हंजे सातबाऱ्यावर नाव हाय, पर वाट न्हाय."

"तेच."

"आरं मग हे मला म्हाईतंय की," तो म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरातबी भाऊबंदकी घुसली म्हण."

दुकानात परत आलो तेव्हा पुतण्याचा चेहरा बघून कळलं की हात लागलेला आहे. जंक्शनच्या पोराने त्याला सांगितलं होतं, फायलींना ७७७ बरं नव्हे, ६६४ ठेवावं. सल्ला फायलींपुरता बरोबर. पुतण्याने तो 'चालूकाम'पासून खाली आर लावून सरसकट दिला होता. सहा म्हणजे चार आणि दोन. वाचा आणि लिहा. एक्स गेला. फायलींचाही आणि फोल्डरांचाही.

"पण मला तर सगळं दिसतंय नाना," तो म्हणाला. दिसणारच. तो रूट होऊन बघत होता, आणि रूटला वाट विचारावी लागत नाही. पालकमंत्र्यांच्या गाडीला गावातले खड्डे लागत नाहीत, कारण ते आदल्या रात्री बुजवलेले असतात. अशा वेळी साध्या माणसाच्या नावाने आत जाऊन बघावं. मी माझ्या खात्याने गेलो. 'चालूकाम'ची यादी मागितली. 'येणारे' हे नाव दिसलं, पण त्याच्या आजूबाजूला जिथे मालक, गट, तारीख, हक्क असायला हवेत तिथे नुसती प्रश्नचिन्हं. एका ओळीत डझनभर. वाचायचा हक्क होता म्हणून नाव कळलं, आत पाऊल टाकायचा हक्क नव्हता म्हणून बाकी काहीच नाही. बांधाच्या अलीकडे उभं राहून आपल्याच उसाकडे बघावं तसं.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक आज्ञा आहे, नेमआय नावाची. तिला पूर्ण पत्ता दिला आणि लांबलचक दाखव म्हटलं, की ती मुळापासून एकेक फोल्डर खाली खाली मांडत जाते आणि प्रत्येकापुढे त्याचा सातबारा. तलाठ्याने नकाशा घेऊन शिवारात चालत जावं आणि प्रत्येक बांधापाशी थांबावं, तशी. वरून तिसरी ओळ ठीक, चौथी 'चालूकाम', आणि तिच्यात एक्सच्या जागी तीनदा आडवी रेघ. पुढे 'येणारे', तिथेही तेच. काट्या कुठे टाकल्यात ते दिसलं.

आता एक्स परत द्यायचा, पण सरसकट दिला तर साध्या चित्रांनाही 'चालवायचा' हक्क मिळतो. त्यावर युनिक्सवाल्यांनी फार शहाणपणाची सोय केलीय: मोठ्या लिपीतला एक्स. छोटा एक्स सगळ्यांना देतो, मोठा एक्स फक्त फोल्डरांना आणि ज्या फाइलीत तो कुणाला तरी आधीच दिलेला आहे तिला, म्हणजे जिथे खरी गरज आहे तिथेच. एका अक्षराच्या उंचीत एवढा विवेक मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

हात लागलाच होता तर आणखी दोन गोष्टी केल्या. 'येणारे'ला सेटजीआयडी लावलं, म्हणजे आत जन्मणारी प्रत्येक फाइल, टाकणारा कुणीही असो, 'फ्लेक्स' गटाचीच राहील. सून कुठल्याही गावची असो, आडनाव घराचं. आणि दुसरं, स्टिकी बिट. हे समजावून सांगणं भाग पडलं. फोल्डरमध्ये लिहायचा हक्क असला की आतली दुसऱ्याची फाइलही पुसता येते, कारण पुसणं हे फाइलीवर नव्हे, फोल्डरच्या यादीवर लिहिणं असतं. रागाच्या भरात भिगवणवाल्याने बारामतीवाल्याचं डिझाइन उडवलं तर? स्टिकी लावलं की ज्याची फाइल तोच ती पुसू शकतो, किंवा फोल्डरचा मालक, किंवा रूट. आकडा झाला ३७७५. पुतण्या म्हणाला, हा कुठल्या गावचा पिनकोड?

नवी फाइल पूर्ण ६६६ ने का जन्मत नाही, हा प्रश्न त्याने विचारला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. म्हटलं, यूमास्क नावाचा एक मुकादम असतो. तो उचल आधीच कापून घेतो आणि ०२२ कापून ६४४ हातात ठेवतो. ऊसतोडीच्या गावात याहून जास्त समजवावं लागत नाही.

बारामतीच्या पोराला फोन केला. टाक म्हटलं. पडद्यावर टक्के सरकायला लागले. साठ, ऐंशी, ब्याण्णव. ब्याण्णववर थोडा वेळ थांबून त्याने आमची परीक्षा घेतली आणि मग ट्रान्सफर कम्प्लिट. फाइलीचं नाव 'वाढदिवस फायनल फायनल २'. पुतण्याने मला मिठी मारली. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

मी फाइल उघडून बघितली. कानाला मोबाइल, डोळ्याला गॉगल, मागे सूर्यकिरणं आणि उधळलेले दोन घोडे. माझा चुलत भाऊ. सोसायटीच्या संचालकाला शोभेल असा दिसत होता. खाली शुभेच्छुकांची रांग, आणि रांगेत डावीकडून तिसरा मी. माझ्या निरोपसमारंभाच्या दिवशीचा फोटो, गळ्यातला हार कापून घेतलेला, पण एक झेंडू कॉलरवर राहिलेला.

"हे कुणाला विचारून?"

"त्यात काय विचारायचं नाना," पुतण्या म्हणाला. "घरचंच माणूस तुम्ही. त्यांनीच सांगितलं, नानांचा फोटो पायजेच. ॲडव्हान्सबी दिलाय."

मी माझ्या खात्याने ती फाइल पुसायची आज्ञा दिली. ऑपरेशन नॉट परमिटेड. पुन्हा दिली. पुन्हा तेच. सुडो म्हणावं तर माझं नाव त्या यादीत नव्हतं. पुतण्याने कीबोर्ड हळूच आपल्याकडे ओढून घेतला, आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "स्टिकी तुम्हीच लावलाय नाना."

बारामतीचं मशीन सकाळी सातला चालू होतं.

तिसऱ्या दिवशी दादा विळा घेऊन शेताकडे निघाला, मीही बरोबर गेलो. बांधाच्या तोंडाशी, जिथे काट्या होत्या, तिथे दोन्ही बाजूंना नवे वासे रोवून आठ बाय दहाचा फ्लेक्स आडवा बांधला होता. वारा येईल तसा तो फुगत होता आणि आम्ही शुभेच्छुक एकदमच पोट पुढे काढत होतो. खालच्या बाजूने हातभर मोकळी जागा होती. दादाने माझ्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. विळा पाठीला खोवला आणि माझ्या झेंडूच्या खालून वाकून पलीकडे गेला.